एक्स-रे स्वच्छ आला, पण पांडवलेणीच्या पायऱ्यांवर धाप लागते

सातपूरकर_४६

नमस्कार. माझे वय ४६ असून मी नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. विसाव्या वर्षी सिगारेट हातात घेतली. गेली सव्वीस वर्षे दिवसाला सरासरी बारा हे प्रमाण आहे, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ते वाढते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गेल्या महिन्यात कारखान्यातर्फे सर्वांची आरोग्य तपासणी झाली. माझ्या अहवालात छातीच्या एक्स-रेपुढे ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आहे. आमच्या खात्यातील सहा धूम्रपान करणाऱ्यांना हाच शेरा मिळाला आणि त्या दिवशी पेढे वाटणेच काय ते बाकी राहिले होते.

त्यानंतरच्या रविवारी मी मुलीला घेऊन पांडवलेणीला गेलो. दहा वर्षांपूर्वी याच पायऱ्या मी तिला खांद्यावर बसवून चढलो होतो, या वेळी मात्र निम्म्या वाटेतच कठड्याला हात टेकून उभे राहावे लागले. मुलीने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. सकाळी उठल्यावर खोकला येतो, थोडा कफ पडतो. तो आजवर मी निफाडकडच्या थंडीच्या खात्यावर टाकत आलो आहे, पण यंदा तो वैशाखातही थांबलेला नव्हता.

एक्स-रे स्वच्छ असेल तर ही धाप कशाची, हे मला समजून घ्यायचे आहे. एकदम सोडणे जमेल असे वाटत नाही. बारावरून तीनवर आलो, तर धोका त्याच प्रमाणात एक चतुर्थांश होईल का? एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की सिगारेटीपेक्षा विडी बरी, कारण तिला कागद नसतो आणि तंबाखूही कमी असतो. माझे वडील मूळचे सिन्नरचे. जन्मभर विडी ओढून ते ८१व्या वर्षी गेले, त्यामुळे या म्हणण्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. शिवाय सव्वीस वर्षांत जे व्हायचे ते होऊन गेले असेल, तर आता सोडून हाती काय लागणार, हेही कोणी जाणकाराने सांगावे.

छातीविकार_वैद्य

अहवालातील शेरा खोटा नाही, त्याचा तुमच्या खात्यात लावला गेलेला अर्थ चुकीचा आहे. एक्स-रे म्हणजे छातीची सावली. क्षयाचा व्रण, न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती साचलेले पाणी, बऱ्यापैकी वाढलेली गाठ या गोष्टी त्या सावलीत दिसतात. धुराने आधी बिघडतात त्या दोन मिलिमीटरहूनही अरुंद असलेल्या श्वासनलिका आणि त्यांच्या टोकांशी घडासारखे लगडलेले वायुकोश. नाशिककराला द्राक्षाचा घड कसा असतो हे सांगायला नको. त्या घडातील मण्यांच्या साली विरून चार-पाच मण्यांची मिळून एकच पोकळी व्हावी, तशी वायुकोशांची स्थिती होते. जागा तेवढीच राहते, पण रक्त आणि हवा यांची गाठ पडण्याचा पृष्ठभाग घटतो आणि नलिकांना आतून ताणून उघड्या ठेवणारा आधारही जातो. या बिघाडाचा बराचसा काळ एक्स-रेवर काहीही न दिसता जातो.

तुम्हाला करून घ्यायला हवी ती तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. पूर्ण श्वास भरून नळीत जोराने फुंकायचे असते. एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यातील किती पहिल्या एका सेकंदात आली, हे यंत्र मोजते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिले आणि सोबत तुमच्यासारखी लक्षणे व धुराचा इतिहास असेल, तर आम्ही सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गाचा दीर्घकालीन अडथळा, असे निदान करतो. धाप लागण्याला रक्तक्षय किंवा हृदयाचे दुखणेही कारण असू शकते, म्हणून हिमोग्लोबिन आणि ईसीजी याच भेटीत करून घ्यावेत. धाप लागताना छातीत दाब जाणवत असेल, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता ‘व्हायचे ते होऊन गेले’ याबद्दल. पंचविशीनंतर प्रत्येकाच्याच फुप्फुसाची क्षमता दरवर्षी थोडी उतरते. धूम्रपान न करणाऱ्याच्या बाबतीत एका सेकंदात बाहेर पडणारी हवा वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते, तर धुराचा त्रास होणाऱ्या प्रकृतीच्या माणसात हा उतार त्याच्या दुप्पट किंवा अधिक असतो. सिगारेट सोडल्यावर विरलेले वायुकोश पुन्हा तयार होत नाहीत, पण उताराचा वेग जवळजवळ सर्वसामान्य माणसाइतका होतो. म्हणजे साठाव्या वर्षी तुम्ही रामकुंडावरून कपालेश्वराच्या पायऱ्या स्वतः चढणार की खाली बसून इतरांची वाट पाहणार, हे मागच्या सव्वीस वर्षांइतकेच पुढच्या चौदा वर्षांवर अवलंबून आहे.

आयुष्याचा हिशेबही उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी तेथील डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी विचारून त्यांचा पाठपुरावा सुरू केला. पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सिगारेट चालू ठेवणारे पुरुष कधीही न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातील सुमारे तीन वर्षे वाचवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा आणि चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ. तुम्ही चाळीस आणि पन्नास यांच्या मधोमध उभे आहात.

बारावरून तीनवर येण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक सुशिक्षित रुग्ण याच गणितात अडकतात. हृदयाच्या बाबतीत हे त्रैराशिक लागू पडत नाही. २०१८ साली १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यात आढळले. धुरामुळे रक्तवाहिनीचे अस्तर बिघडते आणि रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) चिकट होऊन गुठळी धरण्यास तयार होतात, आणि या दोन्ही गोष्टी घडायला फार थोडा धूर पुरतो. एक ठिणगी की वीस ठिणग्या, हे गवताच्या गंजीला फारसे विचारायचे नसते.

फुप्फुसाच्या कर्करोगात सिगारेटींची संख्या कमी करण्याला थोडा अर्थ आहे, परंतु तिथे संख्येपेक्षाही किती वर्षे ओढली याला अधिक वजन आहे, आणि तीनवर येऊन आणखी पंधरा वर्षे ओढली तर वर्षांचे मीटर चालूच राहते. शिवाय शरीराला सवयीइतके निकोटिन हवे असते. बाराची तीन झाली की माणूस नकळत प्रत्येक झुरका खोल घेतो, धूर आत जास्त वेळ धरतो आणि थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत सोडत नाही. म्हणून तीन ही संख्या शून्याकडे जाताना दोन आठवडे लागणारा मुक्काम असेल तर ठीक, कायमचा पत्ता नसावा.

सिन्नरची_लेक

विडीबद्दल मी लिहिते, कारण माझ्या आईने घरी बसून तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. सिन्नरच्या कितीतरी घरांत मुलींची शिक्षणे त्या सुपातल्या विड्यांवर झाली, माझेही त्यावरच झाले. तेव्हा या धंद्याविषयी तुच्छतेने बोलणे मला जमणार नाही. टेंभुर्णीचे पान ओले करून पत्र्याच्या मापाने कापायचे, चिमूटभर जर्दा भरायचा, वळून दोरा बांधायचा, असे दिवसाला हजारापर्यंत चाले. आईने आयुष्यात एकही विडी ओढली नाही, पण घरभर जर्द्याची धूळ असे. तिला रात्री लागणारी ढास आम्हा मुलांना घड्याळाच्या टोल्यांसारखी सवयीची झाली होती.

विडीत तंबाखू कमी असतो हे सहकाऱ्याचे म्हणणे खरे आहे. सिगारेटीच्या मानाने तो चौथाईच्या आसपास भरेल. मात्र टेंभुर्णीचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते आणि विडी स्वतःहून जळत राहत नाही. दोन मिनिटे हातात धरली की विझते, म्हणून ओढणारा घाईघाईने आणि जोर लावून झुरके घेतो. त्यामुळे तंबाखू कमी असूनही कार्बन मोनॉक्साइड, डांबर आणि निकोटिन सिगारेटीइतके किंवा त्याहून अधिक छातीत उतरते. कागद नाही म्हणून ती सात्त्विक, हा समज पानाच्या रंगावरून झालेला असावा, कारण जाळल्यावर पानाचाही धूरच होतो.

भारतातील धूम्रपान आणि मृत्यू यांविषयीचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे दहा वर्षांनी कमी झाल्याचे दिसले. या आकड्यांवरून कोणी ‘मग सहाच वर्षे’ असे म्हणू लागले, तर त्या सहा वर्षांत घरातली किती लग्ने आणि किती बारशी येतात तेही मोजावे.

सातपूरकर दादा, तुमचे वडील ८१ वर्षे जगले याचा आनंदच आहे. पण आमच्या गल्लीत विडी ओढणारे जे पंचावन्नच्या आत गेले, त्यांची उदाहरणे पारावर कोणी देत नाही, कारण द्यायला ते उरलेच नाहीत. आमच्या शेजारच्या काकांच्या पायाचे बोट चाळिशीतच काळे पडले. आधी चालताना पोटऱ्या भरून येत, मग अंगठ्याला जखम झाली आणि ती बरी होईना. रक्तवाहिन्या आतून बंद पडणारा हा बर्गरचा आजार प्रामुख्याने तंबाखूच्या सेवनाने, तोही तरुण पुरुषांना होतो. डॉक्टरांनी ‘विडी किंवा पाय, दोन्हींतले एकच राहील’ असे स्वच्छ सांगितले होते. काकांनी दोन वर्षे विडी निवडली.

द्वारका_चौक

वरील सर्व मान्य करूनही एक शंका मांडतो. द्वारका चौकात सायंकाळी सहा वाजता सिग्नलला उभे राहिले की ट्रक आणि रिक्षांचा जो धूर नाकात जातो, त्यापुढे दिवसाच्या चार-पाच सिगारेटींचे काय मोठेसे? हवा सगळ्यांचीच खराब असताना धूम्रपान करणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे केले जाते?

छातीविकार_वैद्य

शंका गैर नाही. खराब हवेनेही फुप्फुसे बिघडतात आणि चुलीच्या धुराने सीओपीडी झालेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायका मी नेहमी तपासतो. तुलनेसाठी एक ढोबळ हिशेब वापरला जातो: हवेतील पीएम २.५ हे सूक्ष्म कण दिवसभर दर घनमीटरला सुमारे २२ मायक्रोग्रॅम असतील, तर मृत्यूच्या जोखमीच्या दृष्टीने ते एका सिगारेटीसारखे समजावे. म्हणजे चार-पाच सिगारेटींची बरोबरी व्हायला हवा चोवीस तास शंभराच्या आसपास राहायला हवी, आणि ती तशी असली तरी ओढणाऱ्याच्या छातीत दोन्हींची बेरीजच होते, वजाबाकी होत नाही. चौकातली हवा तुमच्या एकट्याच्या हातात नाही, खिशातले पाकीट आहे.

घरातल्या हवेबद्दलही याच ओघात सांगतो. १९८१ साली जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून, नवरा जितका जास्त ओढतो तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे दाखवले होते. गॅलरीत उभे राहून ओढल्याने घरात धूर येत नाही, ही सिडकोतल्या शेजारी-शेजारी लागलेल्या खिडक्यांच्या घरांत तरी निव्वळ समजूत आहे.

देवळालीगावचा_जुना_फुंक्या

मी अठ्ठावीस वर्षे ओढली आणि २०१९ च्या श्रावणात सोडली. त्याआधी चार वेळा सोडली होती, म्हणून अनुभवाचा अधिकार सांगण्याइतके अपयश माझ्या पदरी आहे.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात, तिसऱ्या दिवशी तर मी पंखा आवाज करतो म्हणून घरच्यांशी भांडलो होतो. दोन-तीन आठवड्यांत चिडचिड ओसरते. तलफ एका वेळी पाच मिनिटांच्या पुढे टिकत नाही, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवायचे, बडीशेप, लवंग, पाणी, काहीही चालते. सिगारेट एकटी येत नाही, ती चहाबरोबर येते, म्हणून मी पहिला महिनाभर टपरीवर जाणेच बंद केले आणि डब्याबरोबर थर्मास नेऊ लागलो. सुट्या सिगारेटी-विड्या विकण्यावर राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरीही ‘एकच द्या’ म्हटले की एकच मिळते. तुमची कसोटी त्या ‘एकच’पाशी लागेल.

चहाबद्दल एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. सोडल्यावर त्याच चार कप चहाने माझी छाती धडधडू लागली, झोप उडाली, आणि मला वाटले की सिगारेट सोडल्यानेच काहीतरी बिघडले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की सिगारेटीच्या धुरामुळे यकृत चहातील कॅफिनचा निचरा जलद करते. धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ रेंगाळते, म्हणून चहा निम्म्यावर आणावा. दुसरे म्हणजे पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो, कारण धुराने मंदावलेली श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची झाडलोट पुन्हा सुरू होते. त्या खोकल्याला घाबरून परत पेटवणारे दोन जण माझ्या ओळखीत आहेत. माझे वजन चार किलो वाढले. ते अजूनही उतरलेले नाही, आणि मी त्याविषयी फारशी तक्रार करत नाही.

पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे. शासकीय जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते का, याचीही चौकशी करावी. केवळ मनोनिग्रहावर सोडू पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षभरात परत वळतात, मीही चार वेळा त्यांच्यात होतो. पाचव्या वेळी निकोटिनचे च्युइंग गम घेतले. अभिमान बाजूला ठेवायला मला जरा उशीरच झाला.

सातपूरकर_४६

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. स्पायरोमेट्री झाली. औषधानंतरचे गुणोत्तर ०.६६ आणि पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षेच्या ७४ टक्के निघाली. ईसीजी आणि हिमोग्लोबिन ठीक आहेत. डॉक्टरांनी सीओपीडीचे निदान करून श्वासावाटे घ्यायचे औषध (इन्हेलर) आणि फ्लूची लस दिली. मी त्यांना सीटी स्कॅनविषयीही विचारले. त्यांनी बारा भागिले वीस गुणिले सव्वीस असा हिशेब करून सुमारे साडेपंधरा ‘पॅक-वर्षे’ काढली (रोज वीसचे एक पाकीट वर्षभर ओढले की एक पॅक-वर्ष). कर्करोग लवकर शोधण्यासाठीचा कमी किरणांचा सीटी अमेरिकेतील निकषांनुसार पन्नाशीनंतर आणि किमान वीस पॅक-वर्षे असलेल्यांना सुचवतात, आणि आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण इतके आढळतात की विनाकारण धास्ती व पुढच्या तपासण्या वाढतात, असे त्यांचे मत पडले. तूर्त नको, असे ठरले.

अहवाल मी खात्यात नेऊन दाखवला. सहापैकी दोघांनी तपासणीची वेळ घेतली आहे, एकाने ‘यंत्रच खराब असेल’ असे म्हटले. यंत्रांची देखभाल मीच करतो म्हणून या शेऱ्याचे मला विशेष वाटले.

गेल्या सोमवारपासून सिगारेट बंद आहे. चहा दोनवर आणला आहे. दोन मिलिग्रॅमचे गम चालू केले, पण ते चघळले की घशात जळजळ होते आणि सारखी उचकी लागते. काल कारखान्यात बैठकीत अर्धा तास उचक्या देत बसलो. हे मला सोसत नाही, असे समजावे का?

देवळालीगावचा_जुना_फुंक्या

तुम्ही ते लहान मुलांच्या च्युइंग गमसारखे सलग चघळत आहात, म्हणून सगळे निकोटिन लाळेबरोबर पोटात जात आहे. ते गालाच्या आतल्या अस्तरातून शोषले जायला हवे. पाच-दहा वेळा सावकाश चावायचे, तिखट झिणझिणी आली की थांबायचे आणि तंबाखूची गोळी दाढेखाली धरतात तसे गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचे. झिणझिणी गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या गालात ठेवायचे. असे अर्धा तास चालते. आधीची पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, चहाने ते नीट शोषले जात नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटवत असाल, तर दोन मिलिग्रॅम पुरते की चारचे लागेल, हेही पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

सातपूरकर_४६

उठल्यावर दहा मिनिटांत पेटवत असे. गुरुवारी भेट आहे, तेव्हा विचारतो. गालात ठेवून पाहिले, उचकी थांबली.